केसांच्या खाचांतला लाल रंग मूळचा की मातीचा?

प्रश्न असा आहे: युरोपातल्या एका संग्रहालयात रोमन स्त्रीचे संगमरवरी शिर पाहिले. केसांच्या खोल खाचांत लालसर छटा होती, एका डोळ्याच्या वरच्या कडेला काळपट रेघ होती आणि पाटीवर ‘मूळ रंगाचे अवशेष’ एवढेच लिहिले होते. इतकी शतके जमिनीत पडलेल्या दगडावरचा हा रंग मातीचा, गंजाचा किंवा नंतर कुणी फासलेला नाही, हे ठरवतात कसे? आणि हल्लीच्या रंगीत प्रतिकृती दिसतात तितक्या भडक मूर्ती रोमन लोकांना खरेच आवडत होत्या का?

मी दगडी शिल्पांच्या जतनाचे काम करतो. माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. शिल्पावर जो रंग उरतो तो बहुतेक वेळा सगळ्यात खालचा थर असतो. वरचे पातळ थर, छटा, मेणाचा हात, सोन्याचा वर्ख हे सगळे आधी जाते. म्हणून ‘लाल सापडला’ याचा अर्थ ‘केस लाल होते’ असा लगेच लावता येत नाही. लाल कुठल्या थरात सापडला, त्याच्या खाली काय आहे आणि वर काय होते, हे आधी बघावे लागते.

मूर्ती रंगवलेल्या होत्या का, यावर आता वाद उरलेला नाही, त्यामुळे तो भाग भरभर संपवतो. थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवून ठेवले आहे की, तुमच्या संगमरवरी कामांपैकी तुम्हाला कोणते सर्वांत आवडते असे विचारल्यावर प्राक्सितेलीस या ग्रीक शिल्पकाराने उत्तर दिले, ज्यांवर निकियास या चित्रकाराचा हात फिरला आहे ती. व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने भिंतीवरचा हिंगूळ, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाचा लाल रंग, काळा पडू नये म्हणून तेल मिसळलेल्या मेणाचा हात देण्याची कृती दिली आहे आणि संगमरवरी मूर्तींनाही असेच करतात असे जाता जाता सांगितले आहे. पाँपेईत 1760 मध्ये सापडलेल्या आर्तेमिसच्या मूर्तीवर रंग इतका शाबूत होता की संगमरवराच्या गोरेपणाची महती गाणाऱ्या विंकेलमान या जर्मन कलेतिहासकारानेच त्याचे वर्णन लिहून ठेवले. मात्र ती मूर्ती त्याने एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या इटलीतल्या लोकांची ठरवली. रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे 1863 मध्ये सम्राट ऑगस्टसचा तो प्रसिद्ध पुतळा निघाला, तेव्हा त्याच्यावरचे लाल-निळे रंग नुसत्या डोळ्यांना दिसत होते. म्हणजे ही माहिती नवी नाही. नवे आहे ते कण मोजण्याचे आणि ओळखण्याचे तंत्र.

मग सगळे पांढरे कसे झाले? रंग दगडाला धरून ठेवणारे बंधक द्रव्य सेंद्रिय असते: अंडे, दुधातले केसीन, झाडाचा डिंक, मधमाशीचे मेण. ओल्या मातीत ते कुजते आणि रंगद्रव्याची भुकटी मोकळी होते. यातूनही जे वाचले ते माणसाने घालवले. सोळाव्या ते अठराव्या शतकापर्यंत रोममध्ये मूर्ती सापडली की आधी ती घासायची, तुटलेले नाक-हात नवे बसवायचे, नवा आणि जुना दगड एकसारखा दिसावा म्हणून पुन्हा घासायची, मग विकायची, असा धंदाच होता. त्यानंतर साच्यांचा काळ आला. प्लास्टरच्या प्रती काढण्यासाठी मूर्तीला तेल किंवा साबण लावून साचा घ्यायचे, आणि साचा निघताना उरलासुरला रंगही त्याच्याबरोबर निघायचा. एखाद्या प्रसिद्ध मूर्तीवर रंग नाही आणि गोदामातल्या फुटक्या, नाव नसलेल्या तुकड्यावर भरपूर आहे, असे पुष्कळदा दिसते. कारण त्या तुकड्याच्या वाटेला कुणी गेलेच नव्हते. पाँपेईजवळच्या हर्क्युलेनियमला 2006 मध्ये ॲमेझॉनचे, म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या योद्धा स्त्रीचे, संगमरवरी शिर निघाले. ते इसवी सन 79 च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ज्वालामुखीच्या राखगाळाखाली गाडले गेले होते. त्याचे लालसर केस, भुवया आणि एकेक करून काढलेल्या पापण्या अजून दिसतात.

आता मूळ मुद्दा. यंत्रे आणण्याआधी भिंग आणि टॉर्च घेऊन दगडाभोवती फिरायचे. या टप्प्याला घाई करणाऱ्याने पुढे कितीही महागडे उपकरण वापरले तरी त्याचा उपयोग नाही.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे: लाल छटा तुटलेल्या भागावर जाते का? नाकाचे टोक किंवा केसांची बट प्राचीन काळीच तुटली असेल आणि तुटीच्या खरबरीत पृष्ठभागावरही तोच लाल पसरलेला असेल, तर तो रंग नाही, माती आहे किंवा जमिनीतल्या लोहाचा डाग आहे. रंगाऱ्याने तुटलेला भाग रंगवलेला नसतो. दुसरी परीक्षा सीमेची. खरा रंग शिल्पाची रेषा पाळतो. कपाळ संपून केस सुरू होतात तिथे थांबतो, ओठांच्या कडेला थांबतो, वस्त्राच्या काठावर पट्टा सोडतो. मातीला केस आणि कपाळ यांतला फरक कळत नाही. ती ड्रिलने कोरलेल्या खाचेत बसते, तशी कानातही बसते आणि मानेखालीही. तिसरी गोष्ट, गंज. जुन्या दुरुस्तीत लोखंडी सळ्या घालून तुकडे जोडलेले असतात आणि त्यांचा गंज दगडाच्या स्फटिकांमधून झिरपतो. असा डाग पाणी सांडल्यासारखा पसरट असतो, मध्ये गडद आणि कडेला फिका, आणि तो दगडाच्या आत असतो. रंग मात्र दगडावर बसलेला असतो. भिंगाखाली त्याचे सुटे कण दिसतात आणि नशीब असेल तर त्याखाली पांढऱ्या अस्तराचा पातळ पापुद्राही.

काळपट रेघेबाबत जास्त सावध राहायला हवे. जमिनीतले मँगनीज संगमरवरावर काळ्या ठिपक्यांच्या, शेवाळासारख्या फांद्या फुटलेल्या नक्षीच्या रूपात साचते. ते ओळखायला फारसे अवघड नाही, कारण निसर्ग पापणीच्या कडेने नेमकी रेघ ओढत नाही. पण काजळीचा काळा रंग आणि नंतरच्या काळातला मेणबत्त्यांचा धूर किंवा शहरातली काजळी यांत रासायनिक फरक फारसा नसतो, दोन्ही मुख्यतः कार्बनच. तिथे निर्णय जागेवरून आणि थरावरून घ्यावा लागतो: रेघ मातीच्या कठीण कवचाच्या खाली आहे की वर? जमिनीत असताना संगमरवरावर चुनखडीचे कवच चढते, झाडांच्या मुळांच्या खुणा उमटतात. रंग त्या कवचाच्या खाली असेल तर तो जमिनीत जाण्यापूर्वीचा. वर असेल तर बाहेर निघाल्यानंतरचा. अशा कवचाला मी साक्षीदार म्हणतो, आणि म्हणूनच मूर्ती ‘स्वच्छ’ करण्याचा आग्रह धरणाऱ्यांशी माझे जमत नाही.

एक फसवे प्रकरण आणखी आहे. पुष्कळ रोमन मूर्तींवर नारिंगी-तपकिरी, काचेसारखी पातळ त्वचा असते. ती कॅल्शियम ऑक्झलेटची असते. ती शेवाळ-दगडफुलांमुळे आली की मूर्तीला प्राचीन काळी दिलेल्या तेला-मेणाच्या, अंड्या-दुधाच्या हातांचा रासायनिक शेवट म्हणून आली, यावर तज्ज्ञांची मते भिन्न आहेत आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मूर्तींवर खऱ्या असू शकतात. तिला सरसकट ‘मूळ त्वचेचा रंग’ म्हणणे मात्र धाडसाचे आहे.

यानंतर दिवे. तिरप्या प्रकाशात, म्हणजे पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाकलेल्या झोतात, रंग पूर्ण गेलेल्या ठिकाणीही नक्षीची उठावरेषा दिसू शकते. कारण टिकाऊ रंगाने झाकलेला दगड कमी झिजतो आणि शेजारचा जास्त. अतिनील प्रकाशात मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांपासून केलेला गुलाबी रंग नारिंगी-गुलाबी चमकतो. आपल्याकडची मंजिष्ठा आणि रोमन लोकांची ती वनस्पती एकाच कुळातल्या बहिणी आहेत. पण त्याच प्रकाशात जुनी लाख आणि मेणाचे थरही चमकतात, त्यामुळे चमक दिसली की लगेच आनंदून जायचे नसते.

निळ्याच्या बाबतीत मात्र आनंदून जायला हरकत नाही. रोमन लोकांचा नेहमीचा निळा म्हणजे ‘इजिप्शियन ब्लू’. वाळू, चुना, तांबे आणि सोडा यांचे मिश्रण भट्टीत साधारण 850 ते 1000 अंश सेल्सिअसला भाजून केलेले हे कृत्रिम रंगद्रव्य. व्हिट्रुव्हियसने त्याची कृती दिली आहे आणि वेस्टोरियस नावाच्या माणसाने त्याचा कारखाना नेपल्सजवळच्या पुतेओली इथे काढल्याचेही सांगितले आहे. या द्रव्यावर दृश्य प्रकाश टाकला की ते अवरक्त किरण सोडते, साधारण 910 नॅनोमीटरच्या आसपास. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याच्या आतला अवरक्त अडवणारा फिल्टर काढून भिंगापुढे फक्त अवरक्त जाऊ देणारा फिल्टर लावला, खोलीत अवरक्त नसलेले एलईडी दिवे लावले, की काळ्याभोर चित्रात इजिप्शियन ब्लूचा एकेक कण पांढरा लखलखतो. जिथे डोळ्यांना फक्त मळका संगमरवर दिसत होता तिथे वस्त्राचा अख्खा काठ उजळून येतो. जोव्हान्नी व्हेर्री आणि इतरांनी 2000 च्या दशकात ही पद्धत शिल्पांसाठी रुळवली. नमुना खरवडावा लागत नाही आणि खर्चही आवाक्यातला. काही कॅडमियमयुक्त आधुनिक रंगही अवरक्तात चमकतात आणि इजिप्शियन ब्लू आज विकतही मिळतो, म्हणून नुसत्या चमकेवर थांबू नये. तरीही या एका पद्धतीने गेल्या वीस वर्षांत जितके दिले तितके दुसऱ्या कशाने दिलेले नाही, असे मी बिनधास्त म्हणेन.

ब्रिटिश म्युझियममधले ‘ट्रॉय हेड’ म्हणून ओळखले जाणारे शिर याचे उत्तम उदाहरण. नावाचा त्या ट्रॉय शहराशी संबंध नाही, ते 1889 मध्ये या शिराचा अभ्यास प्रसिद्ध करणाऱ्या गेओर्ग ट्रॉय या जर्मन अभ्यासकाचे नाव आहे. हे स्त्रीचे शिर रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर 1884 मध्ये सापडले आणि ते दुसऱ्या शतकातले आहे. त्याच्या त्वचेवर आणि डोळ्यांवर रंग टिकला होता, आणि तो इतका अविश्वसनीय वाटला की बराच काळ त्याच्या खरेपणाविषयीच शंका घेतली गेली. ब्रिटिश म्युझियमने केलेला नवा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की त्वचेचा रंग म्हणजे एक गुलाबी पट्टा नव्हता. गेरू आणि पिवळ्या मातीसारख्या अनेक द्रव्यांच्या मिश्रणात इजिप्शियन ब्लूचे कणही मिसळलेले होते. मांसल रंगात निळा? चित्रकाराला याचे आश्चर्य वाटणार नाही. त्वचेची सावली थंड करण्यासाठी आणि डोळ्यातला पांढरा अधिक पांढरा दिसण्यासाठी निळ्याचा किंचित स्पर्श देतात. तो रंगारी भिंती रंगवणारा नव्हता, चित्रकार होता.

यंत्रांपैकी हातात धरून वापरायचे एक्स-रे फ्लुओरेसन्स सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत जास्त गैरवापर त्याचाच होतो. ते मूलद्रव्ये सांगते, खनिजे नाही. पारा सापडला तर हिंगूळ, हे बऱ्यापैकी भक्कम. शिसे सापडले तर सफेदा किंवा शेंदूर, पण जुन्या जोडकामातले शिसेही असू शकते. लोह सापडले तर काहीच सिद्ध होत नाही, कारण लोह मातीत सगळीकडेच असते. तुमच्या शिराच्या केसांतल्या लालावर हे यंत्र धरले तर लोह दाखवेल आणि ते गेरू आहे की माती, हे सांगणार नाही. मंजिष्ठेसारखा सेंद्रिय रंग तर त्याला दिसतच नाही. खनिज ओळखायला रामन वर्णपटमापन आहे, त्यात लेझरचा प्रकाश टाकून परतणारा प्रकाश तपासतात. आणि शेवटी छेद: टाचणीच्या टोकाहूनही लहान कण राळेत बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली थरांची आडवी रचना पाहणे. नमुना न घेता काम भागत असेल तर घेऊ नये हे माझेही मत आहे. रोममधल्या टायटसच्या कमानीवर 2012 मध्ये वर्णपटाच्या आधाराने, दगडाला न खरवडता, तिथे कोरलेल्या ज्यूंच्या सातशाखी दीपस्तंभावर पिवळ्या मातीचा रंग होता हे दाखवता आले. पण थर हवे असतील तर छेदाला पर्याय नाही.

आणि केसांतल्या लालाचा निकाल थरच लावतात. शक्यता निदान तीन आहेत. एक, लाल हेच केसांचे अस्तर आणि त्यावर तपकिरी, मग काळसर रेघांनी बटा सोडवलेल्या. दोन, लाल-पिवळ्या मातीचा तो थर सोन्याच्या वर्खाखालचा गादीथर होता आणि सोने गेले. सम्राटांच्या आणि देवांच्या शिरांवर ही शक्यता फार खरी असते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली वर्खाचे बारीक कण शोधायचे. तीन, केस खरेच लालसर रंगवलेले. पाटीवर ‘लाल रंग’ लिहिणाऱ्याने या तिन्हींतले कोणते, हे लिहिले नसेल तर बहुधा ते पाहिलेले नसते.

डोळ्यांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इसवी सन 130 च्या सुमारापर्यंतच्या रोमन संगमरवरी शिरांचे डोळे कोरे, गुळगुळीत दिसतात. बुबुळ तेव्हा रंगाने काढायचे. सम्राट हेड्रियनच्या काळापासून बुबुळाची कड आणि बाहुलीचा खळगा छिन्नीने कोरायला लागले. त्यामुळे आधीच्या शिरांचे जे शून्यात पाहणे आपल्याला ‘अभिजात’ वाटते, ती रंगाऱ्याची पुसलेली मेहनत आहे.

नंतर फासलेला रंग ओळखणे त्यामानाने सरळ आहे. टायटॅनियमचा पांढरा सापडला तर विसावे शतक. प्रशियन ब्लू असेल तर अठराव्या शतकाच्या आधीचा असूच शकत नाही. कठीण असते ती प्राचीन काळातच पुन्हा दिलेली रंगाची भर, आणि ती अपवादात्मक नव्हती. प्लिनी सांगतो की सणाच्या दिवशी ज्युपिटरच्या मूर्तीच्या मुखाला हिंगूळ लावत. मारुतीला किंवा सप्तशृंगीला शेंदूर चढताना पाहिलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. देवाची मूर्ती एकदा रंगवून सोडून द्यायची वस्तू नसते. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप 2022 मध्ये उतरवल्यावर आतला मूळ दगड पुन्हा दिसला. रोमन छेदात एकाच ठिकाणी धुळीची रेषा मध्ये ठेवून दोन रंग सापडले, तर तो दुसरा रंग नकली नाही, दुसऱ्या पिढीचा आहे.

आता भडक प्रतिकृती. व्हिन्सेंझ ब्रिंकमान आणि उलरिके कोख-ब्रिंकमान या जर्मन पुरातत्त्वज्ञ दांपत्याचे रंगीत मूर्तींचे प्रदर्शन 2003 मध्ये म्युनिकला सुरू झाले आणि पुढे अनेक देशांत फिरले. पांढऱ्या संगमरवराचा मोह मोडायला असा धक्का हवाच होता आणि त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण त्या प्रतिकृतींचे फोटो पाहून रोमन अभिरुचीचा निवाडा करू नये. पहिले कारण वर सांगितले तेच: सिद्ध झालेला रंग म्हणजे खालचा थर, आणि प्रामाणिक संशोधक सिद्ध झालेल्यापलीकडे सहसा जात नाही. पेणच्या कारखान्यातला गणपती नुसता अंगरंग देऊन, डोळ्यांची आखणी न करता बाहेर आणून ठेवला तर तो जसा दिसेल, तशा यातल्या काही प्रतिकृती आहेत. दुसरे कारण साहित्याचे. संगमरवरात प्रकाश काही अंतर आत शिरून परततो, आणि पातळ रंगाखालून तो दिसत राहतो. प्लास्टर किंवा कृत्रिम दगडाच्या प्रतीवर हे घडत नाही. तिसरे, मेणाचा शेवटचा हात आणि त्याला घासून आणलेली मऊ चमक. तिचा पुरावा सहसा उरत नाही, म्हणून ती प्रतिकृतीत येत नाही.

याच दांपत्याने पुढे पद्धत सुधारली हेही सांगायला हवे. कोपनहेगनच्या न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेकमध्ये रोमन सम्राट कॅलिगुलाचे संगमरवरी शिर आहे, डोळ्याभोवती रंगाचे अवशेष आहेत. त्याची एकाहून अधिक रंगीत रूपे तयार झाली आहेत: एकात त्वचा सपाट, दुसऱ्यात दाढीच्या खुंटांची सावली आणि गालांच्या छटा. पुरावा दोन्हींना तोच. फरक फक्त रंगाऱ्याच्या कौशल्याविषयीच्या गृहीतकाचा. प्रिमा पोर्ताच्या ऑगस्टसची अडचण उलटी आहे. वस्त्रावर आणि चिलखतावर रंग सापडला, त्वचेवर नाही. मग त्वचा रंगवलीच नव्हती, की रंग गेला? पाओलो लिव्हेरानी या इटालियन पुरातत्त्वज्ञांच्या पुनर्रचनेत त्वचा संगमरवराचीच ठेवली, आणि पुरावा पाहता ते योग्य होते. मला स्वतःला ती कोरी असेल असे वाटत नाही, पण माझे वाटणे पाटीवर छापण्याजोगे नाही.

तुमच्या त्या शिरापुरते सांगायचे तर संग्रहालयाला पत्र पाठवून चार गोष्टी विचारा: लाल छटा केसांच्या तुटलेल्या कडांवरही आहे का, अवरक्त चमकेचे छायाचित्र घेतले आहे का, विशेषतः डोळ्याच्या पांढऱ्यावर, छेद घेतला असेल तर लालाच्या खाली आणि वर काय निघाले, आणि शिर सापडल्यापासून ते किती वेळा, कशाने धुतले. बहुतेक संग्रहालये अशा पत्रांना उत्तर देतात, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नसेल तर बाकीच्या तिन्ही उत्तरांकडे त्याच हिशेबाने पाहा.